रोजा, एकादशी आणि साखरेची गोळी

२०२५ सालची दिनदर्शिका कुणी जपून ठेवली असेल तर तिची फेब्रुवारी-मार्चची पाने जरूर उलटून पाहावीत. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र, २ मार्चला रमजानचा पहिला रोजा आणि ५ मार्चला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार, म्हणजे त्यांच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा आरंभ. आठ दिवसांत तीन धर्मांचे उपास! आणि महिना संपता संपता ३० मार्चला गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद. श्रीखंडाची वाटी एका दारातून गेली ती दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा घेऊन परत आली, असे अनेक गल्ल्यांत घडले असेल.

सर्वधर्मसमभावावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. पण गेली पंचवीस-तीस वर्षे दवाखान्यात बसून एक गोष्ट मी पाहत आलो आहे. रमजान असो, श्रावण असो, पर्युषण असो की नवरात्र, टेबलापलीकडून येणारा प्रश्न एकच असतो : "डॉक्टर, उपास धरला तर चालेल ना?" विचारणाऱ्याच्या डोक्यावर टोपी असेल, गळ्यात तुळशीची माळ असेल किंवा क्रूस असेल, प्रश्नामागची धाकधूक तीच असते. जे विचारतात त्यांची मला काळजी वाटत नाही. जे न विचारता, गोळ्यांची वेळ मनानेच बदलून उपास धरतात त्यांच्यासाठी आजचा लेख आहे.

प्रथम रोजाविषयी थोडे, कारण आपल्यातल्या अनेकांना शेजारी राहूनही त्याची नीट माहिती नसते. पहाटे उजाडू लागण्यापूर्वी सहेरी करायची आणि सूर्यास्तानंतर इफ्तार. मधल्या वेळात अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. विडी, तंबाखू, मिस्री काही नाही. खोटे बोलणे, चहाडी, भांडण हेही वर्ज्य मानलेले आहे. आपल्या भागात मार्चमध्ये हा काळ साधारण तेरा तासांचा होतो, जूनमध्ये पंधरा तासांच्या जवळ जातो, तर डिसेंबरमध्ये बारा-सव्वाबारा तासांवर भागते.

रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत का येतो, असे पुष्कळजण विचारतात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून ही तूट भरून काढतात, म्हणून श्रावण पावसाळा सोडत नाही. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१७ आणि २०१८ साली तो मे-जूनमध्ये आला होता. खानदेश-मराठवाड्याच्या त्या उन्हात दिवसभर पाण्यावाचून गवंडीकाम करणारे, हातगाडी ओढणारे लोक आपण पाहिले आहेत. आता तो थंडीकडे सरकत आहे. २०३० साली तर वर्षात दोनदा येणार आहे, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा. डॉक्टरच्या दृष्टीने ही चांगली बातमी, कारण पाणी कमी पडल्याने होणारे त्रास थंडीत बरेच कमी असतात.

आता शरीरात काय घडते ते पाहू. जेवल्यानंतर चार-सहा तास आतड्यातून साखर रक्तात येत राहते. ती संपली की यकृत आपले कोठार उघडते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. मेंदूला एकट्यालाच दिवसाकाठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते, तेव्हा हे कोठार किती दिवस पुरणार ते वाचकांनीच ताडावे. दहा-बारा तासांनंतर शरीर चरबीकडे वळू लागते. निरोगी माणसात हे सारे बिनबोभाट होते. मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात, लघवी थोडी गडद होते, दुपारी अंगात आळस येतो. पहिले तीन-चार दिवस डोके दुखते, पण त्याचे कारण बहुतेक वेळा भूक नसून चहा असतो. दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्याने तो एकदम बंद केला की डोके ठणकणारच. रमजान सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस एकेक कप कमी करत गेल्यास हा त्रास होत नाही. एकादशीला "चहा चालतो" अशी सोय आपण आधीच करून ठेवली आहे, म्हणून आपल्याला हे कळत नाही इतकेच!

उपासाने पोटाचे, रक्ताचे, झालेच तर कर्करोगाचेही सगळे विकार पळतात, असे निरोप मोबाईलवर फिरत असतात. २०१६ साली जपानचे योशिनोरी ओहसुमी यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्याचा दाखला त्यात हमखास असतो. ते पारितोषिक पेशी स्वतःतले टाकाऊ भाग कसे मोडून पुन्हा वापरतात या शोधासाठी होते, आणि त्यांचे मूळ काम यीस्टवर होते. माणसाने किती तास उपाशी राहावे याचा नुसखा त्यात नाही. रोजाने वजन किलो-सव्वाकिलो उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत ते बहुधा परत येते. रोजाकडे किंवा एकादशीकडे औषध म्हणून पाहू नये. करणाऱ्यांचीही ती भावना नसते. ते संयमासाठी करतात, भुकेल्याची भूक कळावी म्हणून करतात, आणि एवढे कारण पुरेसे आहे.

सवलत सगळीकडेच आहे

सगळ्या धर्मांत सारखे काय, असे मला कुणी विचारले तर मी उपासापेक्षा उपासातून दिलेल्या सवलतीकडे बोट दाखवीन. रोजा सांगितला त्याच ठिकाणी कुराणाने आजाऱ्याला आणि प्रवाशाला तो नंतर कधीही भरून काढण्याची मुभा दिली आहे. ज्याला तेही शक्य नाही त्याने रोजाच्या बदली एका गरिबाला जेवू घालावे. याला फिदिया म्हणतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही स्वतःच्या वा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल तर सूट आहे.

आपल्या धर्मशास्त्रात एकादशीचे बंधन आठ वर्षांखालच्या आणि ऐंशी वर्षांवरच्या माणसाला नाही. ज्यांच्या सेवनाने व्रत मोडत नाही अशा आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध ही तर आहेतच, पण यादीच्या शेवटी 'औषध' आहे. किती जणांना हे ठाऊक असते? सकाळची रक्तदाबाची गोळी "आज एकादशी म्हणून" न घेतलेल्या आजीबाई मला दर महिन्याला भेटतात. जैनांमध्ये उपवासाचे पच्चक्खाण घेताना काही आगार, म्हणजे अपवाद, आधीच उच्चारलेले असतात. कॅथलिक पंथात राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास १८ ते ५९ वयाच्या माणसांनाच बंधनकारक आहे. शास्त्रकारांनी शरीराचा विचार केलेला आहे. न करणारे आपण आहोत.

कारण खरा अडसर शास्त्राचा नसतो, लाजेचा असतो. जन्मभर तीसही रोजे धरलेल्या माणसाला घरात सगळे उपाशी असताना आपण दुपारी ताटावर बसायचे, हे मरणाहून कठीण वाटते. माझे एक रुग्ण होते, शिंपीकाम करायचे, वय साठीच्या पुढे, दोन वेळा इन्सुलिन. त्यांना मी परोपरीने सांगितले, मुलाने सांगितले, मशिदीतल्या मौलवींनीही सांगितले. ते हो म्हणायचे आणि रोजा धरायचे. एकदा दुपारी चार वाजता शिलाई यंत्रावरच त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते असंबद्ध बोलू लागले. शेजारच्या किराणा दुकानदाराने ओळखले, कारण तोही मधुमेही. त्याने साखरपाणी पुढे केले तर म्हातारबाबांनी हात झटकला. तेव्हा तो म्हणाला, "चाचा, मी माळकरी माणूस. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून निर्जळी एकादशी सोडली, माळ नाही सोडली. तुम्ही आता पाणी प्या, अल्लाशी भांडण लागलं तर माझं नाव सांगा." चाचा हसले आणि प्याले. पुढच्या रमजानपासून त्यांनी फिदियाचे पैसे बाजूला काढायला सुरुवात केली. माझ्या शास्त्राने जे जमले नाही ते शेजाऱ्याने केले, हे मान्य केले पाहिजे.

मधुमेहींनी हे नीट वाचावे

२००१ साली १३ देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांची पाहणी झाली. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा प्रौढ वयात सुरू होणाऱ्या मधुमेहाच्या शंभर रुग्णांपैकी जवळजवळ ऐंशी जणांनी महिन्यातले किमान १५ रोजे धरले होते. रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरून रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रमाण या रुग्णांत इतर महिन्यांच्या मानाने साडेसात पट झाले, तर पहिल्या प्रकारच्या, म्हणजे सुरुवातीपासून इन्सुलिनवरच असणाऱ्या रुग्णांत पावणेपाच पट. आकडे ऐकून घाबरून "रोजा धरूच नका" असे फर्मान काढणारे डॉक्टर आहेत. पण या पाहणीचा दुसरा अर्थ असा की लोक रोजे धरणारच आहेत. मग त्यांना दटावून दवाखान्याबाहेर घालवण्यापेक्षा आधी बोलावून नीट समजावणे शहाणपणाचे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ साली यासाठी मार्गदर्शिका काढली आणि २०२१ साली ती सुधारली. तीत रुग्णाला त्याच्या आजारानुसार गुण देऊन जोखीम कमी, मध्यम की जास्त ते ठरवतात.

सामान्य वाचकाने एवढे लक्षात ठेवावे. नुसत्या पथ्यावर किंवा एकट्या मेटफॉर्मिनवर ज्यांची साखर ताब्यात आहे त्यांना बहुधा रोजा धरता येतो. ग्लिबेनक्लामाइड, ग्लायमेपिराइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, कारण ही औषधे जेवण झाले आहे की नाही हे विचारत नाहीत. सकाळचा मोठा डोस घेऊन दिवसभर उपाशी राहिले की साखर कोसळते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, डॅपाग्लिफ्लोझिन वगैरे. त्यांनी अंगातले पाणीही जाते. त्या ऐन रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नयेत. कुठली गोळी किती कमी करायची, सहेरीला की इफ्तारला घ्यायची, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून गोळ्या बदलण्याची आपल्याकडे फार हौस आहे.

पहिल्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांनी, गेल्या तीन महिन्यांत साखर कोसळून बेशुद्ध झालेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदरपणात इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रियांनी सवलत घ्यावी, असे मी स्पष्ट सांगतो. फेफऱ्याच्या रुग्णांचे दोन्हीकडून नुकसान होते. जागरणाने झटके येतात आणि दुपारची गोळी चुकते. अशांना दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याच्या गोळ्यांवर आधीच आणता येते. क्षयरोगाची औषधे तर एक दिवसही चुकवायची नाहीत. ती रोज एकदाच घ्यायची असल्याने कोणत्या वेळी घ्यावीत ते आरोग्य केंद्रात विचारून ठरवावे.

बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही. उलेमांचेही बहुतांशी हेच मत आहे. दुपारी आणि इफ्तारच्या आधी, शिवाय जेव्हा जेव्हा अस्वस्थ वाटेल तेव्हा ती तपासावी. ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडावा. "आता अर्धाच तास राहिला आहे" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. त्या अर्ध्या तासात माणूस दुचाकीवरून पडतो.

घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, अकारण चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बरळणे ही साखर उतरल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला आणि शेजारच्या दुकानदारालाही माहीत हवीत. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. हाच नियम निर्जळी एकादशीला, हरतालिकेला आणि जैनांच्या अठाईला, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासालाही लागू आहे.

ताटात काय असावे

"एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. टॅपिओकाचे हे कंद मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्याकडे साबुदाणा येतो तो मुख्यतः तामिळनाडूतील सेलम भागातून. ऋषिमुनींनी तो खाल्ला असण्याची शक्यता नाही, तरी उपासाला तो चालतो आणि आपली घरची ज्वारी चालत नाही! दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा घालून केलेली खिचडी दोन वेळा खाल्ली की मधुमेहीची साखर दिवाळीसारखी उडते. भगरीबद्दलही एक सूचना. महाशिवरात्रीला आणि नवरात्रात भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी कुठून ना कुठून येतात. जुन्या, दमट भगरीवर बुरशी धरते. सुटे पीठ घेऊ नये. अख्खी भगर आणून, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी.

इफ्तारचे दुखणे याचेच भावंड आहे. संध्याकाळी मशिदीच्या रस्त्याने जावे तर भजी, समोसे, जिलेबी आणि गुलाबी सरबत यांच्या गाड्या लागलेल्या असतात. बारा-तेरा तास रिकाम्या पोटावर हे पडले की रात्री छातीत जळजळ आणि पहाटे सहेरीची इच्छाच नाही. खजुराने रोजा सोडण्याची प्रथा उत्तम. एका साध्या खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते, दोन-तीन खजुरांनी तरतरी येते. मधुमेहीने एकच खावा. पाणी, थोडी फळे, मग नमाज आणि त्यानंतर नेहमीचे जेवण, हा जुना क्रम पोटासाठी अगदी योग्य आहे. पाणी एकदम तांब्याभर न पिता इफ्तार ते सहेरी या वेळात दोन ते अडीच लिटर वाटून प्यावे. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर जरूर. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर त्यांनी ते माप पाळावे.

सहेरी टाळणे ही सर्वांत मोठी चूक. रात्री उशिरा जेवून झोपायचे आणि तसाच रोजा धरायचा, ही तरुणांत पडलेली खोड वाईट. सहेरी शक्य तितक्या उशिरा आणि इफ्तार वेळ होताच, अशी धर्माचीही शिकवण आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, अंडे, दही, भाजी असे सावकाश पचणारे पहाटे खाल्ले तर दुपारचे दोन सहज निघतात.

स्वयंपाकघरातल्या बाईचे मात्र कुणी बोलत नाही. ती तीनला उठते, सहेरी रांधते, दिवसभर रोजा धरूनच इफ्तारची तळणी तळते आणि रात्री भांडी घासून बाराला आडवी होते. नवरात्रात नऊ दिवस उपाशी आणि अनवाणी राहून शेतात निंदणी करणाऱ्या बायकांची स्थिती वेगळी नाही. दोघींचे हिमोग्लोबिन तपासले तर आठ-नऊच्या घरात निघते. घरच्या पुरुषांनी एक वेळची भांडी घासली तर कोणताही धर्म बुडणार नाही. मधुमेह असलेल्या स्त्रियांनी नवरात्रात अनवाणी चालू नये. बधिर झालेल्या तळव्यात काटा मोडला तर कळत नाही, आणि पुढची गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते.

रमजानात संपत्तीचा अडीच टक्के भाग जकात म्हणून काढण्याची पद्धत आहे. २०२० सालचा रमजान टाळेबंदीत गेला. मशिदी बंद, इफ्तारच्या पंगती बंद. त्या वेळी इचलकरंजीतील मुस्लिम समाजाने सुमारे ३६ लाख रुपये जमवून तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तेथे श्वास घेणाऱ्याला कुणी धर्म विचारला नसणार. रक्तपेढ्यांना रमजानात रक्ताची चणचण जाणवते, कारण रोजा धरून दिवसा रक्त देणे बरे नाही. ही उणीव इतरांनी दिवसा भरून काढावी. रोजेदारांनी द्यायचेच असेल तर इफ्तारनंतर, पोटभर पाणी पिऊन, निवांतपणे द्यावे.

कारखानदार आणि यंत्रमागवाल्यांना एक विनंती. जड काम सकाळच्या पाळीत आणि बैठे काम दुपारी, एवढा बदल महिनाभर करता आला तर अपघात टळतील. ड्रायव्हर मंडळींनी इफ्तारच्या घाईत गाडी पळवू नये. खिशात चार खजूर ठेवावेत, वेळ झाली की बाजूला थांबून खावेत.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची एक लहान वाटी मधुमेहीनेही खायला माझी हरकत नाही. दहा घरी दहा वाट्यांना आहे. महिनाभर बदललेल्या गोळ्यांच्या वेळा ईदच्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून पूर्ववत कराव्यात, आणि आठवडाभराने एकदा उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी.